‘वहिनींना घेऊन या की!’

सांगलीत हरभट रोडजवळ ३१ वर्षं बायकांच्या चपलांचं दुकान चालवणाऱ्या ताई या सदरात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देतात.

या वेळची तिन्ही पत्रं पुरुषांची आहेत. ठरवून निवडली नाहीत, गठ्ठ्यात वरच सापडली. तिघांचं दुखणं एकच, दुकानाची पायरी चढवत नाही. पण तिघांच्या पिशवीतला जोड वेगळा, म्हणून उत्तरंही वेगळी.

प्रश्न : ताई, माझं वय ३६. वाळवा तालुक्यात राहतो, सरकारी नोकरी आहे, यापेक्षा जास्त सांगत नाही. मला टाचांचे सँडल आवडतात. बायकोसाठी नव्हे, स्वतः घालायला. घरातच घालतो. बायकोला ठाऊक आहे, तिची तक्रार एवढीच की फरशीवर टकटक होतं, खालचे लोक विचारतील. अडचण वेगळीच आहे. ऑनलाइन तीनदा मागवले. एक बोटांत आवळला, दुसऱ्यात टाच मागे लोंबायला लागली, तिसरा परत करताना कुरिअरवाल्या पोराने खोकं उघडून बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. शेवटी धाडस करून लांबच्या शहरातल्या एका दुकानात गेलो. ‘मिसेससाठी पाहिजे’ म्हणालो. नंबर आठ सांगितला. दुकानदार म्हणाला, ‘आठ? मग वहिनींनाच घेऊन या की!’ मी पाणी पिऊन येतो म्हणून बाहेर पडलो तो थेट एसटी स्टँडवर. दुकानात जाऊन, घालून बघून, सरळ घेऊन कसं यायचं?

उत्तर : दादा, मला आधी हसू आलं आणि मग त्या दुकानदाराची बाजू घ्यावीशी वाटली. त्याने तुम्हाला ओळखलं-बिळखलं नव्हतं. ‘वहिनींना घेऊन या’ हे मी स्वतः दिवसातून चारदा म्हणते. नवऱ्याने अंदाजाने नेलेला जोड दुसऱ्या दिवशी हमखास परत येतो, सोबत वहिनीही येतात आणि त्या नवऱ्यावरचा राग माझ्यावर काढतात. तेव्हा तो टोमणा नव्हता, धंद्याची सवय होती. तुम्ही एक थाप मारलीत आणि त्या थापेला जे सरळ उत्तर असतं तेच मिळालं. खरी पंचाईत पुढे आहे. ‘मिसेससाठी’ म्हटलं की तुम्हाला बाकावर बसून पाय घालून बघताच येत नाही. मग घरी येऊन बोटं आवळणार, टाच लोंबणार. तुमचे तीन जोड कुरिअरमुळे नाही, पाय न घातल्यामुळे फुकट गेले.

म्हणून वाक्य बदला. ‘आठ नंबरमध्ये ब्लॉक हिल दाखवा, मीच घालून बघणार आहे.’ बस्स. कारण सांगायचं नाही. चप्पल कशाला पाहिजे हे आम्ही बायकांना तरी कुठे विचारतो?

आमच्या सांगलीत पुरुषाने बायकी जोड मागणं इतकं काही आक्रीत नाही. १८४३ साली इथेच विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हा स्त्रीपात्रं पुरुषच रंगवायचे. अजूनही डिसेंबर-जानेवारीत गॅदरिंगच्या दिवसांत कॉलेजची पोरं येतात, पाच-सहा एकदम. ‘काकू, याच्या मापाचं काढा, हा हिरॉइन आहे.’ धिंगाणा घालतात, दुकानभर चालून दाखवतात, एकमेकांचे फोटो काढतात. त्यांच्यातला एकही लाजत नाही. पण त्यांतलाच एखादा महिन्याभराने एकटा आला, तर मात्र समोरच्या फुटपाथवर मोबाइल कानाला लावून अर्धा तास उभा असतो. मला गल्ल्यावरून सगळं दिसतं. फोन चालू नसतो.

आता आमची चूकही सांगते. वीसेक वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक उंच गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, मिशा, आवाज भारदस्त. काळ्या सँडलवर बोट ठेवून म्हणाले, यात नऊ आहे का? आमच्याकडे तेव्हा एक नवा पोरगा होता. तो फिस्सकन हसला. मुद्दाम नाही, वयच तसं. त्या गृहस्थांनी जोड हळूच जागेवर ठेवला, पट्टा सरळ केला आणि निघून गेले. छत्री राहिली. मी पोराला पाठवलं, तोवर ते गर्दीत दिसेनासे झाले. ती छत्री मी खुंटीला टांगून ठेवली होती, येतील म्हणून. २०१९ च्या पुरात गेली. तेव्हापासून नव्या पोराला पहिल्या दिवशी मी एकच गोष्ट शिकवते. गिऱ्हाइकाच्या पायाकडे बघायचं, नंबर काढायचा, तोंडाकडे बघायचं ते पैसे घेताना.

थोडं घरचं सांगते, राग मानू नका. आम्ही चर्मकार. सासरे अथणीहून कोल्हापुरी जोड आणून विकायचे. त्यांच्या हातचा जोड लोक मिरवत घालायचे आणि पैसे द्यायची वेळ आली की हाताला हात लागू नये म्हणून वरून टाकायचे. ती नाणी मातीतून वेचल्याचं सासरे शेवटपर्यंत सांगायचे. त्यामुळे चपलेपायी कुणी मान खाली घालतंय असं दिसलं की माझं डोकं जरा लवकर फिरतं.

तर कामाचं बघू. शनिवारी दुपारी दोन ते चारच्या मध्ये या. शनिवारी चप्पल घेऊ नये असं आपल्याकडे जुनी माणसं मानतात, त्यामुळे निम्मं गिऱ्हाईक येतच नाही. त्यातून दुपारची वेळ, पोरं डबा खाऊन पेंगत असतात. शनीला तुमचं काही वाकडं करायचं असेल तर त्याने ते आधीच केलंय, तीन जोडांचं. सणाच्या आठवड्यात आणि लग्नसराईत मात्र येऊ नका. लाजेसाठी नव्हे, तेव्हा मलाच बोलायला फुरसत नसते.

नंबरचं गणित समजून घ्या. आपल्याकडचे नंबर इंग्रजी मापाचे आहेत. एक नंबर म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, जवाच्या एका दाण्याची लांबी धरून ठरवलेला. या मापात बाप्याचा आठ आणि बाईचा आठ लांबीला साधारण सारखाच, म्हणजे साडेसव्वीस-सत्तावीस सेंटिमीटरचा पाय. अमेरिकन मापात तसं नाही. तिथे बायकांचा आकडा दीड-दोनने चढा असतो. ऑनलाइन मागवताना अमेरिकन आकड्याचा आठ आला असेल तर तो तुमच्या पायात जाणारच नव्हता. पहिला जोड आवळला तो बहुधा याचमुळे.

टाच लोंबली त्याचं कारण दुसरं. बायकांचा फर्मा, म्हणजे ज्या साच्यावर चप्पल ओढतात तो, बोटांच्या मुंढ्यापाशी अरुंद असतो. तुमचा पंजा रुंद. तो पुढे आत सरकतच नाही, अडकून बसतो, आणि मग मागची टाच बाहेर राहते. लांबी बरोबर असूनही. यात फक्त तुमचाच दोष नाही. आपल्याकडच्या बायकांचेही पंजे या परदेशी मापांपेक्षा रुंद असतात, म्हणून तर माझ्याकडे निम्म्या बायका गरजेपेक्षा एक नंबर मोठा नेतात आणि मागून फटक-फटक करत चालतात. भारतीय पायासाठी आपली वेगळी मापं ठरवावीत म्हणून चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ मध्ये लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. त्या मापांना ‘भा’ असं नाव दिलंय, भारतातला भा. दुकानातल्या खोक्यांवर मात्र अजून जुनेच आकडे छापलेले असतात.

तुमच्यासाठी मी काय काढीन? पुढून उघडा, आडव्या पट्ट्यांचा, घोट्याला बक्कल असलेला. बंद बेलीच्या आकाराचा जोड नको, त्यात रुंद पंजा कोंबावा लागतो. बक्कल पाहिजेच, कारण टाच उंच झाली की अंगाचा भार पंजावर येतो आणि पाय पुढे घसरतो. पट्टा त्याला मागे धरतो. टाच दोन इंच, ठोकळ्यासारखी जाड. पेन्सिल हिलचं नाव वर्षभर काढू नका, घोटा मुरगळला तर हाडाच्या डॉक्टरला जे कारण सांगावं लागेल त्यापेक्षा मला सांगणं सोपं. आणि टकटक ही काही अडचणच नाही. कोपऱ्यावरच्या चांभाराकडून टाचेखाली रबराची टाप लावून घ्या, तो चार मिनिटांत लावतो. खालचे लोक तुम्हाला विसरून जातील.

आठ नंबर बायकांच्या रेषेत शेवटचा असतो, बऱ्याच दुकानांत सातावरच थांबतात. त्यामुळे आधी फोन करा. ‘लेडीजमध्ये आठ ठेवता का?’ एवढंच विचारा. फोनवर तोंड दिसत नाही. हो म्हणाले तरच गाडीभाडं खर्च करा.

दुकानात आल्यावर एक गोष्ट बघा. आमच्याकडचा आरसा जमिनीलगत तिरपा ठेवलेला असतो, गुडघ्यापर्यंतच दिसतं. मी नव्याने गल्ल्यावर बसायला लागले तेव्हा मला वाटायचं, पैसे वाचवायला छोटा घेतलाय. त्यात पोटऱ्या, घोटे, पाय, बस्स. संध्याकाळी गर्दीत ओळीने चार जणी उभ्या राहिल्या की कुणाचे पाय कुणाचे ते मलाच कळत नाही.

आणखी एक, तुम्हाला आवडेल म्हणून. २०१५ च्या उन्हाळ्यात मी मुलाकडे टोरांटोला गेले होते. तिथे ब्लूर स्ट्रीटवर बाटा शू म्युझियम आहे, इमारतच बुटाच्या खोक्यासारखी. त्या वर्षी तिथे पुरुषांच्या टाचांच्या बुटांचं अख्खं प्रदर्शन मांडलं होतं. मूळ टाच बायकांची नव्हेच. इराणचे घोडेस्वार रिकिबीत पाय अडकून राहावा, उभं राहून बाण मारता यावा म्हणून टाचेचे बूट घालायचे. तिथून ती फॅशन युरोपात गेली आणि आधी पुरुषांनीच उचलली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं १७०१ सालचं मोठं चित्र आहे, त्यात म्हातारा लाल टाचांचे बूट घालून पोटऱ्या दाखवत उभा आहे. अर्थात तुम्ही काही राजे नाही, तुम्हाला महिनाअखेर बघावी लागते. मी काचेला नाक लावून टाचेची शिलाई बघत बसले, तर सून म्हणाली, आई, पुढे चला, मागे लोक थांबलेत.

प्रश्न : ताई, मी एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, वय ६६. मार्चमध्ये आमच्या मंडळींना उजव्या अंगाला पक्षाघात झाला. आता काठी धरून चार पावलं टाकते. फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, स्लिपर अजिबात नको, मागून पट्टा असलेलं काहीतरी आणा. ४१ वर्षांच्या संसारात तिने माझे बूट आणले, मी तिच्यासाठी कधी दुकानात गेलो नाही. तिचा नंबरही मला माहीत नाही. तीनदा दुकानासमोर जाऊन आलो, आत नुसत्या मुली. आयुष्यभर खच्चून भरलेल्या गाडीत बायकांच्या गर्दीतून तिकिटं फाडत फिरलो, तेव्हा काही वाटलं नाही. आता पायरी चढवत नाही.

उत्तर : भाऊ, गाडीत तुमच्या खांद्याला बॅग होती आणि हातात चिमटा होता. दुकानाच्या दारात तुम्ही रिकाम्या हाताने उभे राहिलात. तेव्हा हातात काहीतरी घेऊन चला. काय ते सांगते.

संध्याकाळी, पाय दिवसभराचे सुजलेले असताना, वहिनींना खुर्चीवर बसवा. दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले हवेत. पायाखाली जाड कागद, जुन्या कॅलेंडरची मागची बाजू चालेल. पेन्सिल अगदी उभी धरून पायाभोवती फिरवा. तिरकी धरली की पाय आतल्या बाजूला बारीक निघतो, ही चूक सगळे करतात. दोन्ही पाय काढा, कारण दुखऱ्या पायाला सूज असली तर तो वेगळा निघेल. डॉक्टरांनी प्लास्टिकचा स्प्लिंट दिला असेल तर त्या पायाचं माप स्प्लिंट घालूनच काढा. कागदावर ‘उजवा’, ‘डावा’ लिहा. आणि त्यांची जुनी, रोजच्या वापरातली चप्पल पिशवीत घाला. नंबर तळाला कोरलेला असतो, तो झिजला असला तरी चप्पल बघून मला कळतं की त्या कुठल्या कडेवर भार देऊन चालायच्या.

फिजिओथेरपीच्या बाईंचं बरोबर आहे. स्लिपर पायात राहते ती आपण नकळत बोटांनी धरून ठेवतो म्हणून. त्यांची उजवी बोटं आता धरत नाहीत. स्लिपर निसटणार, पायात अडकणार आणि त्या पडणार. तेव्हा पुढे एक आणि मागे एक असे दोन वेलक्रोचे पट्टे, दोन्ही पुरते उघडणारे, म्हणजे पाय वरून आत ठेवता येईल, ढकलावा लागणार नाही. बक्कल नको, एका हाताने लागत नाही. तळ सपाट आणि रुंद. तळ किती घसरता-न-घसरता हवा ते मात्र बाईंनाच विचारा. पाय ओढत चालणाऱ्याला फार चिकट रबर फरशीवर अडकतं, फार गुळगुळीत घेतलं तर बाथरूममध्ये धोका. साखर असेल तर एमसीआरची, म्हणजे खास मऊ रबराची, गादी असलेला जोड मागा, त्याला तेच म्हणतात, डॉक्टरही तेच लिहून देतात. आणि घालायच्या आधी रोज आत हात फिरवून बघा. पायाला बधिरपणा असला तर खडा टोचलेला त्यांना कळणार नाही.

दोन पायांचे नंबर वेगळे निघाले तर घाबरू नका. दुकानदाराला विचारा, दोन जोडांतून एक करून देता का. बरेच जण नाही म्हणतील, कारण उरलेले दोन पाय कुणी घेत नाही. मी देते. माझ्याकडे माळ्यावर असे सात अनाथ जोड आहेत, डावा पाच, उजवा सहा.

मुलींचं म्हणाल तर एक गंमत सांगते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या दुकानात छातीभर होतं. पाणी ओसरल्यावर जेवढा माल वाळवण्याजोगा होता तेवढा फुटपाथवर ताडपत्री टाकून ढीग घातला, अर्ध्याहून कमी किमतीत. भाऊ, त्या ढिगावर बायकांपेक्षा पुरुष जास्त होते. गुडघे टेकून, हात कोपरापर्यंत आत घालून, ‘याचा दुसरा पाय बघा हो कुणाला सापडतोय का’ म्हणून अनोळखी पोरींना हाका मारत होते. एकाने तर स्वतःच्या पायावर बायकोची चप्पल लावून, ‘तिचं माझ्यापेक्षा दोन बोटं कमी’ असं मोठ्याने गणित केलं. त्यातलीच माणसं दिवाळीत काचेच्या दाराबाहेर उभी राहून बायकोला आत पाठवत होती.

कागद आणि जुनी चप्पल काउंटरवर ठेवा आणि म्हणा, ‘यात बसेल असं, मागून पट्ट्याचं.’ मुली आपोआप बाकावर जागा करून देतील. घरी नेल्यावर वहिनींना बसूनच घालून द्या, पाच मिनिटांनी काढून कुठे लाल झालंय का बघा. झालं असेल तर दुसऱ्याच दिवशी परत आणा, आठ दिवसांनी नाही.

प्रश्न : माझा साखरपुडा झालाय. होणाऱ्या बायकोला सरप्राइज म्हणून हाय हिल्स द्यायचे आहेत. तिला विचारलं तर सरप्राइज राहणार नाही, आणि दुकानात विचारायला कसंतरी होतं. तिच्या उंचीवरून नंबरचा अंदाज लावता येतो का?

उत्तर : नाही. उंचीवरून नाही, वजनावरून नाही आणि तिच्या बहिणीच्या नंबरवरून तर मुळीच नाही. तिच्या घरी चहाला जाशील तेव्हा दाराबाहेर चपला काढलेल्या असतात. तिची कुठली ते तुला माहीत नसेल तर आधी तेवढं लक्षात ठेवायला शीक. उलटी करून नंबर बघ. सासूबाईंनी बघितलं तर ‘शिलाई उसवलीय वाटतं’ म्हण.

मुळात ती हिल घालते का, हे बघितलंस का? तिच्या सगळ्या चपला सपाट असतील तर त्याला कारण असेल आणि ते तुला माहीत नाही. मग हिल नको, चांगली मोजडी घे. घालत असेल तर जेवढी उंच घालते तेवढीच घे. दुकानात ‘बदलून मिळेल ना’ हे पैसे द्यायच्या आधी विचार आणि बिलावर लिहून घे. तिला सांग, पहिल्यांदा सतरंजीवर घालून बघ. तळाला एक ओरखडा पडला की मी जोड परत घेत नाही, लग्न ठरलेलं असलं तरी.